दोन कप्प्यांचा कॅमेरा

मबरूकाचा कॅमेरा मेला तो सोमवारी, आणि लग्न होतं गुरुवारी. मेला म्हणजे आतला आरसा जो वर गेला तो खाली यायला तयार होईना. तिने फुंकर मारली, थोपटलं, शेवटी एक चापटही ठेवून दिली. सतरा वर्षं त्रिपोलीतल्या बायकांची लग्नं तिने याच कॅमेऱ्यानं टिपली होती. मुठीपाशी रबर सोलून गेलं होतं, तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलेला होता, आणि मागचं एक बटण तर नखानंच दाबावं लागे.

"याचे पार्टच येत नाहीत आता," दुरुस्तीवाला म्हणाला. "पुरून टाका, मावशी."

"तुलाच पुरते त्याच्या शेजारी," मबरूका म्हणाली आणि कॅमेरा उचलून बाहेर पडली. अशीच होती ती. नाकावर माशी बसू द्यायची नाही. पण बायका तिलाच बोलवायच्या, आणि त्याचं कारण तिचे फोटो नव्हते. तिचं नाव होतं.

बायकांच्या हॉलमध्ये लग्न म्हटलं की डोक्यावरचे पदर, अंगावरचे पायघोळ अबाये सगळे खुंटीला. केस मोकळे, दंड उघडे, साठीच्या आजीबाईसुद्धा कंबर हलवून नाचणार. आत पुरुष नाही आणि मोबाइलही नाही. हॉलची मालकीण हाजा झईमा दारात टोपली घेऊन बसायची आणि प्रत्येकीचा फोन काढून घ्यायची. नवरीच्या आत्याचीही गय नाही. आत फिरणारा कॅमेरा एकच. त्यातलं कार्ड नवरीच्या आईनं विकत आणायचं, झईमानं स्वतःच्या हातानं कॅमेऱ्यात घालायचं, झाकणावर आपल्या सहीची चिठ्ठी डकवायची. लग्न आटोपलं की तिनंच चिठ्ठी फाडून कार्ड काढायचं आणि पाकिटात घालून आईच्या हाती द्यायचं. पुढे फोटो निवडायचे तेही नवरीच्या घरी बसून, त्यांच्याच कॉम्प्युटरवर. फोटो काढणारीच्या घरी एका नखाचाही फोटो जाता कामा नये. सतरा वर्षांत मबरूकाच्या हातून एक फोटो बाहेर गेला नव्हता. यावर तिचं घर चाललं होतं.

बुधवारी ती रशीद रस्त्यावर हादीच्या दुकानात जाऊन उभी राहिली. बटव्यात साडेतीन हजार दिनार होते, रोख.

"या हाजा, या!" हादी म्हणाला. तिशीतला माणूस, केसांना तेल, जिभेला त्याहून जास्त.

"मी हजला गेलेले नाही. उगाच म्हातारी करू नकोस. कॅमेरा दाखव."

त्याने काचेतून एक नवा कोरा, हलकासा कॅमेरा काढला. "हा बघा. यात आरसाच नाही, म्हणजे बिघडायचा प्रश्नच मिटला. आणि गंमत म्हणजे इकडे फोटो काढला की तिकडे थेट मोबाइलवर."

"थेट मोबाइलवर? झईमाला कळलं तर ती मला थेट कबरीत पाठवील. ठेव आत."

"ते बंद करता येतं, मावशी."

"तू बंद केलंस हे तिला कोण सांगणार? तू येणार हॉलवर, बायकांच्यात? आणि किंमत काय लिहिलीय? नऊ हजार? लुटायलाच बसलायस का?"

मग त्यानं तिच्या जुन्या कॅमेऱ्याच्याच कंपनीचा एक नवा स्वस्तातला काढला. तो आरशाचा होता, फोनशी बोलत नव्हता, भावही बेताचा. मबरूकानं पिशवीतून आपली लांब लेन्स काढून त्याला लावली आणि दुकानात पळणाऱ्या मांजरावर धरली. लेन्स ढिम्म हलेना.

"यात लेन्स फिरवायची मोटर नसते," हादी म्हणाला. "जुन्या लेन्सला हातानंच फिरवावं लागतं. सवय होते."

"मला होईल. नाचणाऱ्या बाईला सांगू का, थांब गं, मला सवय होऊ दे?"

नवी लेन्स घ्यायची तर पुन्हा तीन हजार. म्हणजे घोडं तिथेच अडलं. मोटर हवी म्हणजे वरच्या दर्जाचा कॅमेरा हवा, आणि वरच्या दर्जाचा साडेतीन हजारांत हवा म्हणजे वापरलेलाच हवा. हे तिला घरून निघतानाच माहीत होतं. फक्त हादीला ते आधी कळू द्यायचं नव्हतं.

शेवटी त्यानं मागच्या फळीवरून एक काळा, वजनदार कॅमेरा उतरवला. फुटबॉलच्या मॅचचे फोटो काढणाऱ्या माणसाचा होता म्हणे. मबरूकानं तो उलटासुलटा केला. शटरची किती वेळा उघडमीट झालीय ते पाहिलं, साठ हजार. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून आत धूळ आहे का पाहिलं. तिची लेन्स लावली. लेन्सनं मांजर चटकन पकडलं. तिला आनंद झाला, आणि तो लपवायला तिने तोंड आणखी वाकडं केलं.

"हे दोन कप्पे कशाला?" झाकण उघडून तिने विचारलं. तिच्या जुन्याला एकच होता.

"मॅच लांबली की पहिलं कार्ड भरतं ना, मग दुसऱ्यात जातं. तुम्हाला काही काम नाही त्याचं. रिकामाच आहे."

चष्मा पर्समध्ये होता. हादीसमोर तो काढणं तिच्या जिवावर आलं. कप्पा काळा, आत अंधार, आणि रिकामा आहे म्हणतोय माणूस. तिने झाकण लावलं.

"किती?"

"चार हजार. तलाकची शपथ, माझ्या खरेदीचा भाव आहे."

"तीन."

"तलाकची शपथ मावशी, साडेतीनच्या खाली एक दिनार उतरलो तर बायको मला हराम."

सव्वातीनला सौदा पटला. म्हणजे शपथ खोटी ठरून मघापासून हादीची बायको दोनदा सुटली होती, आणि बिचारी घरी जवाच्या पिठाचं बसीन शिजवत असणार, तिला पत्ताही नाही. वर तीन दिवसांची बोली ठरली, काही खोट निघाली तर शनिवारपर्यंत आणून दाखवायचं.

गुरुवारी हॉलच्या दारात झईमानं नवा कॅमेरा हातात घेऊन वजन केलं. "फोनशी बोलतो का हा?"

"माझ्याशीसुद्धा नीट बोलत नाही अजून."

"थट्टा नको. सांग."

"नाही बोलत. अल्लाची शपथ."

नवरीची आई नूरिया पुढे आली आणि तिने कार्ड झईमाच्या हातावर ठेवलं. झईमानं ते पहिल्या कप्प्यात सरकवलं, झाकण लावलं, त्यावर चिठ्ठी डकवली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन छोटे चौकोन पेटले. दोन कप्पे आहेत म्हणून दोन चौकोन, असं मबरूकाला वाटलं, आणि ती कामाला लागली.

काम फक्कड झालं. आठशे चाळीस फोटो. फ्लॅश बसवायची खाच तेवढी ढिली निघाली, मध्येच फ्लॅश मान टाकायचा. शेवटी झईमानं चिठ्ठी फाडली, कार्ड काढलं, पाकीट नूरियाच्या पर्समध्ये गेलं.

शुक्रवारी बाजार बंद. शनिवारी सकाळी मबरूकानं कॅमेरा हादीकडे टाकला. "ही खाच घट्ट कर. बोलीत आहे. दुपारी येते." तिथून ती फोटो निवडायला नूरियाच्या घरी गेली.

कार्ड उघडेना. दुसऱ्यांदा लावलं, पुसून लावलं, शेजारणीच्या कॉम्प्युटरला लावलं. पहिले चाळीसेक फोटो दिसले, रिकामा हॉल आणि फुलं. पुढे सगळं करडं.

"कुठून घेतलंस हे कार्ड?" मबरूकानं विचारलं.

"का? नवं आहे. फूटपाथवरून घेतलं, वीस दिनारला. मोठ्यातलं मोठं."

"वीस दिनारला मोठ्यातलं मोठं! नकली आहे ते, नूरिया. आत जागाच नाही. तुला सांगितलं होतं दुकानातून घे म्हणून. लग्नात उंट कापलास आणि कार्डाला हात आखडलास?"

"माझं कार्ड नकली? सतरा वर्षं सगळ्यांची कार्डं चालली आणि माझंच नकली? तुझा कॅमेराच भंगार! बाजारातला जुनापुराणा उचललास आणि माझ्या पोरीच्या लग्नावर चालवून बघितलास!"

"आई, पण फोटो?" नवरी, सुंदुस, दारात उभी होती. हातावरची मेंदी अजून काळी होती. "सातव्या दिवशी सासरच्या बायका फोटो बघायला येणार. मी काय दाखवू?"

हे ऐकून मबरूका जास्तच भडकली आणि तशीच उठून रशीद रस्त्यावर आली. जाताना तिने मनात हादीला सोललं, मीठ लावलं, वाळत घातलं.

दुकानात अंधार होता. पहाटेपासून त्या भागातली वीज गेलेली. हादी दाराशी खुर्ची टाकून स्वतःला पुठ्ठ्यानं वारा घालत होता.

"तुझ्या कॅमेऱ्यानं लग्न खाल्लं माझं!" मबरूका रस्त्यातूनच सुरू झाली. "आठशे फोटो गेले!"

"गेले कसे? आहेत की," हादी म्हणाला. आणि म्हणाल्यावर त्याचा चेहरा पडला. जीभ चावायला उशीर झाला होता.

मबरूका थेट त्याच्या खुर्चीसमोर आली. "कुठे आहेत?"

"म्हणजे... दुसऱ्या कप्प्यात माझं एक कार्ड राहिलं होतं. खाच घट्ट करताना दिसलं. तो फुटबॉलवाला दोन्हीकडे एकच फोटो ठेवायचा, एक गेलं तर दुसरं असावं म्हणून. तशीच सेटिंग राहिलीय वाटतं."

म्हणजे झईमानं चिठ्ठी डकवली तेव्हा आत दुसरं कार्ड बसलेलंच होतं. सगळ्या बायका त्या चिठ्ठीकडे बघून निर्धास्त झाल्या, आणि चिठ्ठीनंच ते आत कोंडून ठेवलं. सकाळी तिने स्वतःच्या हातानं ते या माणसाच्या टेबलावर आणून ठेवलं होतं. तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"तू पाहिलंस," ती म्हणाली.

"नाही, नाही! कार्ड कशाचं म्हणून एक बटण दाबलं. केकचा फोटो आला. लगेच बंद केलं. तलाकची शपथ, एक फोटो, केकचा."

"बटण दाबलं की शेवटचा फोटो आधी येतो, हादी. शेवटचा फोटो केकचा नाही. शेवटच्या फोटोत नवरीची मावशी आहे, केस सोडून. केकपर्यंत जायला शंभरावर फोटो मागे जावं लागतं. एकेक बटण दाबत."

हादीच्या हातातला पुठ्ठा थांबला.

"थू तुझ्या तोंडावर," मबरूका म्हणाली. तिचा आवाज आता अगदी खाली आला होता. "कोणाच्या तरी आया-बहिणी आहेत त्या. किती पाहिलेस? खरं सांग, नाहीतर इथे रस्त्यात उभी राहून ओरडेन, हादी लोकांच्या बायका बघतो म्हणून. मग बघ संध्याकाळपर्यंत दुकान राहतं का."

"ओरडलात तर तुमचंही नाव जाईल, मावशी. आणलं कोणी इथे? मी मागितलं होतं?"

चोर तो चोर, वर शिरजोर. पण बोलला ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणून तिला जास्त झोंबलं. रस्त्यावरून चहावाला गेला, कोणी कोणाला चहा विचारला नाही.

"कॉपी केलीस?"

"नाही. तलाकची शपथ."

"त्या बाईला सोड आता, तिचं तुझ्याशी नातं तरी उरलंय का? खरं बोल."

"मावशी, वीजच नाही पहाटेपासून! कॉम्प्युटर लावू कशावर? जनरेटर गेल्या आठवड्यात विकला मी, भाव चांगला आला म्हणून. कॅमेऱ्यावरच पाहिले. बारीक पडद्यावर. चुकलं माझं."

मबरूकानं वर बंद पंख्याकडे पाहिलं, शेजारच्या दुकानांकडे पाहिलं. सगळीकडे काळोख. हादीच्या शपथेपेक्षा गेलेल्या विजेवर तिचा जास्त विश्वास होता. तिने हात पुढे केला. हादीनं खणातून कार्ड काढून तिच्या तळहातावर ठेवलं. त्याचे पैसे मागायची त्याची छाती झाली नाही.

नूरियाच्या घराकडे जाताना तिच्या मनात चार खोट्या गोष्टी तयार झाल्या. कॅमेरा आपोआप एक प्रत ठेवतो म्हणावं. घरी सापडलं म्हणावं. कॅमेरा दुकानात गेलाच नाही म्हणावं. कार्ड देऊन टाकलं की सुंदुसला फोटो मिळतील, नूरिया हात चुंबील, आणि हादी आपल्या भीतीनं गप्प बसेल. कोणाला कळणार होतं? पण शंभरावर बायकांचे चेहरे त्या माणसानं पाहिले होते, आणि त्यातली एक नूरिया होती, खांदे उघडे टाकून नाचणारी. जिचे फोटो त्यानं पाहिले, तिलाच ते कळू नये? एवढी हलकट मबरूका नव्हती. तिने दार ठोठावलं, आत जाऊन खोलीचं दार लावलं, आणि मायलेकींना सगळं सांगितलं. चष्मा लावला नाही इथपासून पंखा बंद होता इथपर्यंत.

नूरिया शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग तिने कार्ड घेतलं आणि कॉम्प्युटरला लावलं. एकेक फोटो उघडत गेला. सुंदुस पायऱ्या उतरताना. सुंदुसची आजी, काठी टाकून टाळ्या पिटताना. सुंदुस हुंदके देऊन रडू लागली. "आई, किती सुंदर आलेत! मबरूका मावशी, किती सुंदर आलेत!"

नूरियानं कॉम्प्युटर बंद केला. कार्ड काढून पोलक्यात खोचलं.

"फोटो गेले," ती म्हणाली.

"काय?" मबरूका म्हणाली.

"फोटो गेले. एकही उरला नाही. तुला कॅमेरा चालवता आला नाही, तू घालवलेस. सगळ्यांना हेच सांगायचं."

"अगं, तुझ्या हातात आहेत ना फोटो! मी आणून दिले!"

"आणि कुठून आले म्हणून सांगू? झईमानं काढून दिलेलं कार्ड नकली निघालं, हे शेजारीण पाहून गेलीय. मग हे दुसरं कुठलं? दुसरं कार्ड होतं म्हटलं की ते कुठे होतं विचारतील. दोनशे बायका होत्या हॉलमध्ये. प्रत्येकीला नवरा आहे, भाऊ आहे. माझ्या भावाला कळलं तर त्या दुकानात मुडदा पडेल, आणि दुसरा आपल्यातला पडेल. माझ्या घरच्या लग्नात बायकांची अब्रू गेली असं लोकांनी म्हणायचं? त्यापेक्षा मबरूका आंधळी झाली म्हणू देत."

"आणि मी? माझं काय? सतरा वर्षं नूरिया, सतरा वर्षं मी एक फोटो..."

"तुझं काय ते तू बघ. मी सांगितलं होतं तुला दोन कप्प्यांचा घे म्हणून?"

"आई, पण सासरच्यांना काय दाखवू?" सुंदुसनं विचारलं.

"काही दाखवायचं नाही. रडायचं. सासूसमोर रड, मोठ्यानं रड. मबरूकाच्या नावानं रड. आणि हे फोटो मी मरेपर्यंत या कपाटाबाहेर काढायचे नाहीत."

मबरूकाला तिचा गळा धरावासा वाटला. तोंडावर आलेल्या शिव्या तिने एकेक करून गिळल्या. बाहेर जाऊन खरं बोलावं, तर त्या खऱ्यात नूरिया बुडणार, दोनशे बायका बुडणार, आणि सगळ्यांत आधी ती स्वतः. इकडे आड, तिकडे विहीर. तिने अबाया सारखा केला आणि निघून आली.

पुढच्या गुरुवारी तिचं दुसरं काम होतं, त्याच हॉलवर. दुसऱ्या कप्प्यावर तिने काळी पट्टी चिकटवली होती, चष्मा गळ्यात अडकवला होता. दारात बायकांची रांग होती, झईमा टोपली घेऊन बसली होती. आणि रांगेतून सुंदुसची सासू बाहेर आली, ती सरळ मबरूकाच्या अंगावर.

"हीच ना ती? अगं बाई, माझ्या सुनेचे डोळे सुजलेत रडून रडून! सातव्या दिवशी तीस बायका जमल्या घरात, आणि दाखवायला काही नाही! लाज नाही वाटत कॅमेरा घेऊन परत उभी राहायला?"

"थांब हाजा, मला विचारू दे," झईमा म्हणाली. तिने कॅमेऱ्यासाठी हात पुढे केला नव्हता. "मबरूका, खरं सांग. नूरियाच्या पोरीच्या लग्नाचा एकसुद्धा फोटो उरला नाही?"

रांगेतल्या सगळ्या बायका ऐकत होत्या. बऱ्याचजणी त्या लग्नात होत्या. ती पिवळ्या झग्यातली, जिनं टेबलावर चढून नाच केला होता. ती लठ्ठ बाई, जिची वेणी सुटली होती. त्यांच्या मागे नूरिया उभी होती.

"उरला असेल कुठे!" नूरिया ओरडली. सगळ्यांत मोठा आवाज तिचाच होता. "आंधळी आहे ती, आंधळी! माझ्या एकुलत्या एक पोरीचं लग्न खाल्लं हिनं! विचारा, विचारा तिला!"

मबरूकानं नूरियाकडे पाहिलं. नूरियानं नजर काढून घेतली नाही. तिच्या ओठांचा रंग उडाला होता, पण नजर तशीच रोखलेली होती.

"एकसुद्धा नाही," मबरूका म्हणाली. "मीच घालवले."

"ऐकलंत?" नूरिया म्हणाली. "स्वतःच्या तोंडानं कबूल करतेय."

झईमानं टोपली उचलून मांडीवर घेतली आणि मबरूकाच्या मागे उभ्या असलेल्या बाईला म्हणाली, "तू ये पुढे."